कलेचा इतिहास शिकायचाय : बडोदा की पुणे?

चित्रं, मूर्ती, लेणी, जुने वाडे यांचं वेड आहे, पण स्वतः चित्रकार व्हायचं नाही, असं म्हणणाऱ्या मुलामुलींना घरून हमखास एकच सल्ला मिळतो : "मग जे.जे.ला जा." मुंबईची ही जे.जे. कलाशाळा 1857 पासून उभी आहे आणि तिच्या मोठेपणाबद्दल वाद नाही. पण तिथलं मुख्य शिक्षण हाताने घडवण्याचं. कलेचा इतिहास हा त्यातला लेखी विषय. इतिहास हाच मुख्य विषय हवा असेल, तर मराठी विद्यार्थ्याला जवळ पडणारे दोन भक्कम रस्ते आहेत. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या ललितकला शाखेचा कला-इतिहास विभाग, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातला पुरातत्त्व विभाग.

अजिंठा दोन्हीकडे शिकवतात, त्यामुळे लांबून दोन्ही सारखेच वाटतात. तसे ते नाहीत.

फरक नीट कळायला हवा असेल तर पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरा. स्टेशनच्या एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले, दोन्ही जुनी बौद्ध लेणी. आणि याच मळवलीत राजा रविवर्म्याचा छापखाना होता. 1894 मध्ये तो मुंबईत सुरू झाला आणि पुढे इथे हलवला गेला. एका स्टेशनाच्या आसपास दोन्ही अभ्यासक्रम पसरलेले आहेत म्हणा ना.

कार्ल्याला बहुतेक लोक एकवीरेच्या दर्शनाला जातात. देवळाच्या पाठीमागेच चैत्यगृह, म्हणजे डोंगरात कोरलेलं बौद्ध प्रार्थनागृह आहे. आत वर पाहिलं तर दगडी छताला लाकडी फासळ्या दिसतात. खांबांवर ब्राह्मी या प्राचीन लिपीत देणगीदारांची नावं आहेत. त्यांत धेनुकाकट या गावाहून आलेले यवन, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक, आहेत. दर्शनी भागावरच्या कोरीव लेखात वैजयंती नगरीचा भूतपाल श्रेष्ठी, म्हणजे सावकार, हे जंबुद्वीपातलं, म्हणजे भारतातलं, सर्वोत्तम शैलगृह असल्याचं अभिमानाने सांगतो. दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या भरदार जोड्या आहेत आणि त्यांच्या आसपास पुष्कळ नंतर कोरलेल्या बुद्धमूर्ती. पुण्यात शिकलेला विद्यार्थी इथे आला की आधी लेखाच्या अक्षरवळणावरून काळ ठरवू पाहतो. मग आधी काय कोरलं, नंतर काय घुसवलं, हे छिन्नीच्या खुणांवरून लावतो. घाटावरून बंदराकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेचा आणि या देणग्यांचा संबंध शोधतो. बडोद्याचा विद्यार्थी त्या जोड्यांसमोर जास्त वेळ थांबेल : खांद्याची रुंदी, कमरेचा बाक, दगडातून अंग पुढे येण्याची रीत, आणि तशीच रीत आणखी कुठे दिसते.

आता छापखान्याकडे या. कमळावर उभी असलेली, साडीतली चार हातांची लक्ष्मी आपल्या कितीतरी घरांच्या भिंतीवर होती. ते चित्र दगडावरून छापायचं, तर मूळ तैलचित्रातले रंग वेगवेगळे काढायचे, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करायचा आणि एकावर एक ठसे अचूक बसवायचे. ठसा जरा सरकला की ओठांचा रंग ओठांबाहेर जातो. त्यासाठी जर्मनीहून यंत्रं आणि कारागीर आणावे लागले आणि शेवटी छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडेच गेला. देवघरातला देव बाजारात कसा आला, कोणी विकत घेतला, पुढे तो कॅलेंडरवर आणि जाहिरातीत कसा गेला, हे प्रश्न कला-इतिहासाचे आहेत आणि डिझाइनच्या इतिहासाचेही. ते विचारायला बडोदा ही योग्य जागा. रविवर्म्याची मूळ तैलचित्रंही तिथेच, महाराजा फत्तेसिंग संग्रहालयात बघायला मिळतात.

बडोद्याचं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते म्हणजे शेजार. एकाच आवारात चित्रकला, शिल्पकला, मुद्राचित्रण (ठसे घेऊन चित्र छापण्याची कला) यांचे वर्ग. चित्रकार बेंद्रे, शिल्पकार शंखो चौधुरी, चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी घडवलेली ही जागा. रतन परिमू आणि गुलाममोहम्मद शेख यांनी इथे कला-इतिहास शिकवला. लिथोच्या, म्हणजे दगडावरच्या छपाईच्या, दगडाबद्दल वाचायचं आणि दुपारी शेजारच्या वर्गात तो घासताना पाहायचा, ही सोय पुस्तकी विभागात मिळत नाही. भूपेन खक्कर मुंबईत चार्टर्ड अकाउंटंट झाले, मग बडोद्याला कलासमीक्षा शिकायला गेले आणि चित्रकार म्हणून नाव काढलं. वाणिज्य शाखेच्या मुलांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

पुण्याचं मोल वेगळं. पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलियांनी रुजवलेली शिस्त अशी की, आधी खड्डा, मग मत. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या प्राचीन वस्तीचं उत्खनन याच विभागाचं. इथे तुम्हाला उन्हात मोजपट्टी धरून उभं राहावं लागतं, खापरं धुऊन, वेगळी करून त्यांची नोंद करावी लागते. हाडं, बिया, नाणी, शिलालेख हे सगळं शिकावं लागतं, आणि मूर्ती किंवा मंदिर हा त्यातला एक भाग असतो. फक्त सुंदर वस्तूंचीच ओढ असेल तर पहिल्या सत्रात जीव कंटाळेल. पण गावाबाहेरचे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा), बारव (पायऱ्यांच्या विहिरी), पडक्या गढ्या पाहून ज्याला राहवत नाही, त्याने दुसरीकडे जाऊ नये. महाराष्ट्रात असं नोंद न झालेलं इतकं पडून आहे की माणसं कमी पडतात, आणि ते डोळ्यांदेखत सिमेंट आणि ऑइलपेंटखाली जातंय.

व्यवहाराचं थोडक्यात. बडोद्याला बारावीनंतर पदवीसाठी जाता येतं. डेक्कन कॉलेज ही पदव्युत्तर संस्था, म्हणजे आधी पदवी लागते, कुठल्या का शाखेची असेना. दोन्हीकडे अभ्यास इंग्रजीतून. प्राध्यापकी करायची तर नेट परीक्षेत बडोद्याच्या विद्यार्थ्याचा विषय दृश्यकला, पुण्याच्या विद्यार्थ्याचा पुरातत्त्व. हे आधीच ठाऊक असलेलं बरं, कारण पुढे रूळ बदलणं जड जातं. सरकारी पुरातत्त्व खात्यांच्या जागांसाठी पुण्याची पदवी सरळ उपयोगाची. कलादालनं, लिलावसंस्था, प्रदर्शनांची मांडणी, कलाविषयक लेखन इथे बडोद्याची ओळख चालते. संग्रहालयांत दोन्हीकडचे लोक दिसतात. सुरुवातीचे पगार कुठेच मोठे नाहीत, हे आईवडिलांना स्पष्ट सांगून टाका.

डिझाइनच्या इतिहासाचं काय? अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था (एन.आय.डी.) किंवा पवईच्या आय.आय.टी.तली डिझाइन शाळा (आय.डी.सी.) इथे तो शिकवतात, पण वस्तू घडवायच्या शिक्षणाला जोड म्हणून. तो पूर्णवेळ विषय समजून तिथे जाल तर फसाल. मात्र आपल्याकडे या विषयात कामाचे डोंगर आहेत : जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे छपाईचे देवनागरी खिळे, र. कृ. जोशींनी संगणकासाठी केलेला मंगल टंक (फाँट), एस.टी.च्या पाट्या, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं. यांतलं काही खुणावत असेल तर मी बडोदाच सांगेन.

बारावी झाली आहे आणि अजून ठरत नाही, अशांना माझा सल्ला मुंबईतल्या सेंट झेवियर्स किंवा साठ्ये कॉलेजात प्राचीन भारतीय संस्कृती हा विषय घेऊन बी.ए. करण्याचा. तीन वर्षांत कल आपोआप कळतो आणि पुढचे दोन्ही दरवाजे उघडे राहतात. तितकी वाट पाहायची नसेल तर या आठवड्यात घराजवळची एक जुनी वस्तू निवडा. मंदिराचा खांब चालेल, आजीकडची फ्रेमही चालेल. तासभर तिच्यासमोर बसून दोन पानं लिहा. पानं भरली ती कोणी, कधी, कुठल्या दगडात आणि कोणाच्या पैशाने या प्रश्नांनी, तर पुण्याचं माहितीपत्रक मागवा. रेषा, रंग, छपाई आणि बघणाऱ्याची नजर यांनी भरली, तर बडोद्याचं. प्रवेशाच्या वेळी मुलाखत झालीच, तर बोलायला ही दोन पानं पाठांतरापेक्षा जास्त उपयोगी पडतील.