स्प्लेंडरचे दोन्ही टायर कमी पैशांत बदलले: पावसाळा धरून सात-आठ महिन्यांचा अनुभव

गाडी जुनी, तारांच्या चाकाची स्प्लेंडर. पुढे-मागे ड्रम ब्रेक, दोन्ही चाकं ट्यूबवाली. वापर रोजचा, एमआयडीसीपर्यंत येणं-जाणं, अधूनमधून मागे माणूस, कधी खताचं पोतं. टायर बदलले उन्हाळ्याच्या शेवटी. त्यानंतर पूर्ण पावसाळा झाला आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर चिखल आणतात तो हंगामही सुरू झाला, तेव्हा बऱ्या-वाईट सगळ्या रस्त्यांवर टायर घासून निघालेत.

आधी पैशांचं बोलू. दोन टायर, दोन नव्या ट्यूब, दोन रिमपट्ट्या, स्प्लिट पिना आणि बसवणावळ मिळून 3,800 च्या आसपास गेले. पुढचा टायर चौदाशेच्या घरात, मागचा सोळाशेच्या, ट्यूब पावणेतीनशेला एक. दुकानागणिक दोन-तीनशेचा फरक पडतोच. हे दर 28 टक्के जीएसटीच्या काळातले. 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 18 टक्के झालाय, म्हणजे तेव्हाचा 1,600 चा टायर त्याच मूळ किमतीवर 1,475 ला बसायला हवा. आजही कुणी जुन्या एमआरपीवर अडून बसला तर पक्कं बिल मागा, त्यात कर किती लावलाय ते आपोआप दिसतं.

मापाबद्दल. या गाडीला मूळ टायर दोन्हीकडे 2.75-18, पुढचा 42पी आणि मागचा 48पी. नव्या स्प्लेंडरला 80/100-18 येतो, पुढे 47पी आणि मागे 54पी. मापानंतर लिहिलेला आकडा वजनाचा: 42 म्हणजे 150 किलो, 48 म्हणजे 180, 54 म्हणजे 212. पी हे अक्षर ताशी 150 किलोमीटरपर्यंतच्या वेगाचं, ते स्प्लेंडरला कधीच आडवं येत नाही. स्वस्तात मिळतो म्हणून पुढच्या चाकाच्या आकड्याचा टायर मागे टाकणारे दुकानदार आहेत, माप तर तेच आहे ना म्हणतात. मागे पोतं किंवा माणूस बसत असेल तर हा आकडा बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आम्ही मागे 80/100-18 54पी घेतला. चेनकव्हर आणि मडगार्डला कुठेही घासत नाही. स्पीडोमीटर पुढच्या चाकावर चालतो, त्यामुळे मागचा टायर थोडा जाड झाला तरी किलोमीटरच्या हिशोबात फरक पडत नाही.

त्याहून रुंद, म्हणजे 90/90 किंवा 100/90 टाकायचा मोह होतो, दिसायला गाडी भरदार दिसते. टाकू नका. या गाडीच्या रिमवर 1.60×18 कोरलेलं असतं. इतक्या अरुंद रिमवर रुंद टायर आवळला जातो, वरचा भाग जास्त गोल होतो, जमिनीवर टेकणारी जागा वाढायच्या ऐवजी मधल्यामध्ये राहते आणि टायर मधोमध लवकर उडतो. पैसे जास्त, आयुष्य कमी.

ब्रँडवर फार डोकं लावलं नाही. एमआरएफ, सीएट, टीव्हीएस, जेके, अपोलो, या मापात सगळ्यांचे टायर मिळतात आणि रोजच्या पन्नास-साठच्या वेगाला त्यांच्यातला फरक फिटिंगमधल्या चुकीपेक्षा लहान आहे. नक्षी मात्र बघून घेतली: पुढे सलग लांब खाचांचा, मागे आडव्या-तिरक्या खाचांचा. बाजूवर आयएस 15627 चा शिक्का आणि चार आकडी तारीख हे दोन्ही हाताने चाचपून बघायचं. 1425 म्हणजे 2025 सालचा चौदावा आठवडा. एका दुकानात ‘कंपनी ऑफर’ म्हणून स्वस्तात पुढे केलेला टायर तीन वर्षांपूर्वीचा निघाला. सावलीत नीट ठेवलेला असेल तर तीन वर्षांचा टायर लगेच निकामी होतो असं नाही, पण त्याला नव्याचा दर का द्यायचा? आणि तो टायर उन्हात दारावर लटकवलेला असेल तर फुकटही नको. बाजूच्या रबराला अंगठ्याने दाबून वाकवलं की केसासारख्या बारीक चिरा दिसतात का ते कळतं.

सेकंडहँड बाजारात नक्षी परत कोरलेले टायर मिळतात. गोटा झालेल्या टायरमध्ये गरम पात्याने खाचा पाडतात आणि वर काळं पॉलिश मारतात. खाच खोल दिसते कारण ती टायरच्या धाग्यांपर्यंत गेलेली असते. चारशे-पाचशेला मिळतो म्हणून अजिबात घेऊ नका. ओळखायची खूण: खऱ्या खाचेच्या तळाशी टीडब्ल्यूआयची, म्हणजे टायर किती घासला ते दाखवणारी छोटी उंचवट्याची पट्टी असते, साधारण 0.8 मिमी. कोरलेल्या खाचेत ती कापली गेलेली असते. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला टायरही दुचाकीला नकोच.

दोन्ही टायरचे पैसे एकदम नसतील तर? जो जास्त घासलाय तो आधी, हे उघड आहे, आणि बहुतेक वेळा तो मागचाच असतो. पण दोन्ही सारखेच घासलेले असतील तर पुढचा आधी. ब्रेक मारल्यावर वजन पुढे येतं, थांबणं आणि वळणं दोन्ही पुढच्यावर. मागचा घसरला तर सावरायला थोडा वाव मिळतो, पुढचा घसरला की माणूस खालीच. मागचा अर्धा घासलेला टायर काढून पुढे लावायचा ‘जुगाड’ मात्र करू नये. मधोमध चपटा झालेला टायर पुढे गेला की वळणावर हँडल अचानक आत पडल्यासारखं होतं.

आता बसवण्याचं, कारण खरं नुकसान इथेच होतं.

ट्यूब नवीच घ्यायची. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि घडीवर घासून ती फुटते. पावणेतीनशे वाचवायला जाऊन तेवढ्याच पैशांची पंक्चरं महिन्या-दोन महिन्यांत निघतात. तारांच्या रिमला आतली पट्टीही बदला. ती तीसेक रुपयांची वस्तू, पण ती कुजली की तारेच्या निपलचं टोक ट्यूबमध्ये घुसतं आणि पंक्चरवाला बाहेरून खिळा शोधत बसतो. भोक ट्यूबच्या आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल तर दोष पट्टीचा किंवा तारेचा. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर दोष टायर चढवायच्या लिव्हरचा किंवा कमी हवेचा.

टायर चढवताना साबणाचं पाणी वापरायचं. ग्रीस, जुनं ऑइल, डिझेल यातलं काहीही बीडला, म्हणजे रिममध्ये बसणाऱ्या टायरच्या कडेला लागू द्यायचं नाही. रबर खराब होतं ते होतंच, वर टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व उपटून निघतो. बाजूवरचा बाण बघा, तो चाक पुढे फिरण्याच्या दिशेला हवा. चाक अंगावर उलटं धरून बसवणाऱ्याकडून ही चूक सर्रास होते. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्वपाशी येऊ द्या. ट्यूबमध्ये किंचित हवा भरून तिला गोल आकार आला की मग आत घालायची, सपाट घातली की लिव्हरखाली सापडते. दुसरी कड व्हॉल्वच्या समोरच्या बाजूने सुरू करून व्हॉल्वपाशी संपवायची, आणि संपवताना आधी चढलेली कड पायाने दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ठेवायची. एवढं केलं तर शेवटचा वीतभर भाग हातानेच चढतो. लिव्हरला जोर लावावा लागतोय याचा अर्थ समोरची कड खोलात बसलेली नाही. जोर वाढवला की ट्यूब कापली जाते. व्हॉल्व आधी आत ढकलून बघायचा, तो मोकळा हलला पाहिजे, नाहीतर ट्यूब कडेखाली अडकलीय.

नंतर हवा भरून टायरची कड नीट बसली का ते पाहायचं. टायरच्या बाजूवर रिमलगत एक बारीक रेघ गोल फिरलेली असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्याच अंतरावर दिसायला हवी. कुठे आत गेलीय, कुठे बाहेर आलीय असं दिसलं तर हवा सोडून पुन्हा साबणपाणी लावायचं आणि परत भरायची. हवेचा दाब चाळीस पीएसआयच्या वर नेऊन कड ‘फटकन’ बसवायचा प्रयत्न नको. या गाडीच्या मागच्या चाकाला हे दोनदा करावं लागलं. तसंच सोडलं असतं तर चाळीसच्या वेगाला बूड हललं असतं आणि दोष बेरिंगवर गेला असता. व्हॉल्वची खालची चकती रिमला घट्ट आवळायची नाही, ढिली सोडून वर टोपीला लावून ठेवायची. म्हणजे ट्यूब सरकली तर व्हॉल्व तिरका झालेला लगेच दिसतो.

पुढचं चाक परत लावताना एक गोष्ट स्वतः डोळ्यांनी बघायची, पंक्चरवाला कितीही जुना असला तरी. फोर्कच्या पायावर आतून एक उंचवटा असतो, ब्रेकप्लेटची खाच त्यावर बसली पाहिजे. ती बसली नाही तर ब्रेक मारताच प्लेट फिरते, केबल ओढली जाते आणि चाक जाम होतं. मागच्या चाकाला हेच काम ब्रेकप्लेटची पट्टी करते. तिचा बोल्ट, नट आणि स्प्लिट पिन तिन्ही जागेवर हवेत. जुनी वाकवलेली पिन परत वापरू नका, नवी पाच रुपयांना मिळते. स्प्लेंडरमध्ये चेन आणि स्प्रॉकेट जागेवर ठेवून मागचं चाक निघतं, त्यामुळे चेन पुन्हा ताणायला लागतेच असं नाही. तरी दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या आहेत का बघा. चाक बाहेर आहे तोवर कशरबर (हबमधले धक्का झेलणारे रबर), ब्रेक लायनर आणि बेरिंग तपासून घ्या. बेरिंगमध्ये बोट घालून फिरवलं तर खरखर लागायला नको. पुन्हा चाक काढायचे शंभर रुपये वाचतात. ड्रममधली पूड तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

बसवून झाल्यावर पहिले शे-दीडशे किलोमीटर नवा टायर गुळगुळीत लागतो. त्या दिवसांत वळणावर झोकायचं नाही, एकदम ब्रेक मारायचा नाही, आणि शक्यतो ऐन पावसात नवा टायर चढवायचा नाही. मे अखेरीस बदलणं याच कारणाने सोयीचं.

आता सात-आठ महिन्यांनंतरची स्थिती. मागचा टायर मधोमध साधारण दीड मिमी घासलाय, कडांना जेमतेम. मोजायला आगकाडी पुरते: खाचेत उभी धरायची, नखाने खूण करायची, पट्टीवर ठेवायची. दर वेळी एकाच खाचेत, व्हॉल्वच्या समोर, म्हणजे तुलना खरी होते. पुढचा अजून नवा वाटावा असा आहे, फक्त एका बाजूला बारीक पायऱ्या पडायला लागल्यात. ते सततच्या पुढच्या ब्रेकमुळे आणि हवा कमी राहिल्याने होतं.

पावसात पकड चांगली. डांबराच्या ओल्या रस्त्यावर मागचं चाक सरकायचं तो प्रकार थांबला. पांढऱ्या पट्ट्यांवर, लोखंडी झाकणांवर आणि ट्रॉलीने आणलेल्या काळ्या मातीच्या चिखलावर मात्र काही उपयोग नाही, तिथे कुठलाच रस्त्याचा टायर धरत नाही. मागे माणूस बसल्यावर पूर्वी खड्ड्यात रिमला धक्का जायचा, 54पी आल्यावर तो कमी झाला; पण एकट्याने चालवताना मागचा भाग आधीपेक्षा थोडा कडक वाटतो. मायलेजमध्ये नोंद घ्यावी असा फरक नाही.

हवेच्या बाबतीत पंपावरच्या मीटरवर विश्वास ठेवू नका. दोन पंपांच्या मीटरमध्ये चार-पाच पीएसआयचा फरक सहज निघतो. अडीचशे-तीनशेचं स्वतःचं गेज या सगळ्या खर्चातलं सगळ्यात उपयोगी निघालं. पुढे 25, मागे एकट्याला 28. माणूस किंवा वजन असेल तर मागच्यासाठी गाडीवरच्या स्टिकरवर वेगळा, बराच मोठा आकडा दिलेला असतो, तो बघून भरा. सकाळी गाडी थंड असताना मोजा. ट्यूबमधून दर महिन्याला दोन-तीन पीएसआय आपोआप जातात, त्यामुळे पंधरा दिवसांतून एकदा बघणं पुरतं. नायट्रोजनचे पैसे वाचवा. चाकाचं बॅलन्सिंगही या वेगाला लागत नाही, पण चाक हवेत फिरवून रिम डगमगते का ते बघा. डगमगत असेल तर आधी तारा आवळून घ्या, मग टायर.

एक पंक्चर झालं, मागच्या चाकात, खिळ्याने. ट्यूबवाला टायर बसतो तो एकदम, ट्यूबलेससारखा हळूहळू नाही. अशा वेळी मागचा ब्रेक दाबायचा नाही, ॲक्सिलरेटर सोडून हँडल सरळ धरायचं. टायर बसलेल्या अवस्थेत गाडी ढकलत नेली तरी ट्यूबची वाट लागते, म्हणून दुकान लांब असेल तर पंक्चरवाल्याला जागेवर बोलवा. पन्नास रुपये जास्त घेतो, ट्यूब वाचते. ट्यूब चिकटवून झाली की टायरच्या आतून फडकं फिरवून घ्यायला सांगा. आमच्या टायरात खिळ्याचं मोडलेलं टोक रबरातच राहिलं होतं.