सिंगापूर ते न्यूयॉर्क: थेट फ्लाइट घ्यावी की फ्रँकफर्टला थांबून जावं?

सिंगापूरच्या चांगी विमानतळावरून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाला थेट अंतर साधारण 15,350 किलोमीटर. फ्रँकफर्टमार्गे आधी सुमारे 10,300 आणि मग 6,200, म्हणजे साडेसोळा हजार. हजार-अकराशे किलोमीटरच तर जास्त, फार तर दीड तास वाढेल, असा हिशोब आपण लगेच करून मोकळे होतो आणि तिथंच गंडतो.

थेट फ्लाइट साडेअठरा ते एकोणीस तासांत पोचते. फ्रँकफर्टमार्गे जाताना नुसते हवेतच साडेएकवीस तास जातात, पहिला टप्पा तेराच्या आसपास, दुसरा साडेआठ, वर मधला दोनेक तासांचा थांबा, म्हणजे जवळपास अख्खा दिवस झाला. हे मुख्यतः वाऱ्यामुळे होतं. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. थेट फ्लाइट बहुतेक वेळा पॅसिफिकवरून जाते म्हणून तो तिच्या पाठीशी असतो आणि युरोपमार्गे जाणाऱ्या विमानाच्या दोन्ही टप्प्यांत समोरून येतो.

परत येताना मात्र उलटं होतं हे बरेच जण बघतच नाहीत. तेव्हा फ्रँकफर्टमार्गे हवेतला वेळ वीसच्या आसपास येतो आणि थेट फ्लाइटचा काही कमी होत नाही. म्हणून मी तरी सांगेन, तिकिटाचं जमत असेल तर जाताना थेट जा, येताना थांबत या.

आता सीटचं. थेट मार्गासाठी सिंगापूर एअरलाइन्सनं एअरबस ए350-900 यूएलआर (म्हणजे अति लांब पल्ल्याचं विमान) घेतलं, त्यात इंधन साध्या ए350-900 मधल्या 1,41,000 लिटरऐवजी 1,65,000 लिटर मावतं, पण सीटा फक्त 161 आणि इकॉनॉमी नाहीच, बिझनेस नाहीतर प्रीमियम इकॉनॉमी. त्यामुळे इकॉनॉमीच हवी असेल तर या विमानाचा विचार सोडा आणि थांब्याचंच बघा.

शरीराचंही बघा कारण एका जागी एवढा वेळ बसलं की पाय सुजतात, रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो. बारा तास झाले, झोप होऊन गेली, स्क्रीनवर बघावं तर अजून सहा तास बाकी, मागे पँट्रीजवळ चार-पाच जण मोजे घालून नुसते उभे असतात, तो काळ खरंच जड जातो. पाठीचा त्रास असेल, सोबत लहान मूल असेल तर फ्रँकफर्टला उतरून चालणं हे सुखच आहे, मात्र तिथं परत सिक्युरिटीची लाइन लागते आणि काही पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागतो, तो आधीच तपासा. ज्याला गाढ झोप लागते त्यानं डोळे झाकून थेट घ्यावी, अर्धवट झोपेत उठून बूट घालायची कटकट नाही.

दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या, पहिलं विमान लेट होऊन पुढचं चुकलं तर पुढची सोय एअरलाइन करते, वेगवेगळी तिकिटं असली की ते आपल्या गळ्यात.

आणि बुकिंग करताना पोचायच्या वेळेतून निघायची वेळ नुसती वजा करू नका. न्यूयॉर्क सिंगापूरच्या मागे आहे, हिवाळ्यात 13 तास आणि उन्हाळ्यात बरोबर 12, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळाचे काटे हलवायचीसुद्धा गरज नाही, फक्त दिवसाची रात्र धरायची.