लॅमिनेटचा गम: एक पावसाळा काढल्यानंतर

फेब्रुवारीत धायरीच्या घरात फर्निचर करून घेतलं. प्लाय आणि लॅमिनेटसाठी (आमच्याकडे सगळे त्याला सनमायकाच म्हणतात) भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये दोन दिवस फिरलो. गमबद्दल मात्र एकही प्रश्न विचारला नाही. "साहेब, गम माझ्यावर सोडा," मिस्त्री म्हणाले आणि मी सोडला. आता अकरा महिने झालेत. कोणी फर्निचरचा विषय काढला की मी आधी गमचंच बोलतो.

कपाटांना पांढरा, पाण्यातला गम आहे. पाचपैकी चार दारं आजही पहिल्या दिवसासारखी. पाचव्याच्या खालच्या कोपऱ्यात जुलैमध्ये फुगा आला, ठोकलं की पोकळ आवाज. गमचा डबा तोच होता. पण चार दारं रात्रभर एकावर एक रचून वर प्लायचं वजन ठेवलं होतं, आणि पाचवं शेवटच्या दिवशी घाईत चार तासांतच उचलून बिजागऱ्या मारल्या. हा गम त्यातलं पाणी निघून गेल्यावरच धरतो. वरून लॅमिनेट पाणी सोडत नाही, ते प्लायनेच शोषायचं असतं, म्हणून वेळ द्यावाच लागतो. त्यात ते दार बाथरूमच्या भिंतीला लागून आहे, आणि साधा पांढरा गम ओलीला टिकत नाही. तिथे वॉटरप्रूफ प्रकारच हवा होता. मिस्त्रींनी कोपरा उचलला, जुना गम खरवडला, नवा भरून क्लॅम्प लावला आणि दुसऱ्या दिवशीच काढला. त्यानंतर त्रास नाही.

ओट्याशेजारच्या गोलाकार खणाला रबरवाला गम लावला, कारण तिथे वजन ठेवता येत नाही. दोन्ही बाजूंना लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत, साधारण 15–20 मिनिटं, थांबायचं आणि मग चिकटवून रोलर फिरवायचा. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, तेव्हा हात अनुभवीच हवा. काम उत्तम झालंय. वास मात्र दोन दिवस घरभर होता. आईला मावशीकडे पाठवलं. त्यातलं सॉल्व्हंट पेट घेतं, त्यामुळे खिडक्या उघड्या आणि शेगडी बंद, यात सूट नाही.

तयार आणलेल्या ट्रॉल्यांच्या कडेची पट्टी मशीनवर गरम वितळवलेल्या गमने, म्हणजे हॉटमेल्टने, बसवलेली असते. ओव्हनला लागून असलेल्या ट्रॉलीची पट्टी चार बोटं सुटली. साधा हॉटमेल्ट उष्णतेने पुन्हा मऊ पडतो; पीयूआर (पॉलियुरेथेनचा) गम एकदा पक्का झाला की तसा वितळत नाही. महाग असतो, पण ओव्हन आणि सिंकजवळच्या ट्रॉल्यांना तोच मागा.

पुढच्या महिन्यात आईच्या खोलीतलं कपाट करायचंय. मिस्त्री तेच आहेत. दारं दाबून ठेवायला एक दिवस जास्तीचा आधीच धरलाय, त्या दिवसाच्या मजुरीसकट.