गुडघ्याची झीज मोजायची: एक्स-रे पुरे की एमआरआय हवा?

गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसवर, म्हणजे सांध्याच्या झिजेवर, संगणकीय अभ्यास करायचा म्हटलं की बरेच जण आधी मॉडेल ठरवतात आणि मग त्याला चालतील अशा प्रतिमा शोधत बसतात. क्रम उलटा हवा. वर्षभरात सांधा किती बदलतो आणि तुमची मोजपट्टी किती जाड आहे, एवढं आधी पाहा.

एक्स-रे

कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, एक्स-रेत दिसतच नाही. मोजतो ती मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामधली फट. झीज सुरू झालेल्या गुडघ्यात ही फट सरासरी वर्षाला ०.१ मिमीच्या आसपास कमी होते आणि डिजिटल एक्स-रेचा एक पिक्सेल साधारण ०.१ ते ०.२ मिमीचा असतो. म्हणजे वर्षभराचा सगळा बदल जेमतेम एका पिक्सेलात! म्हणून इथे अल्गोरिदमपेक्षा उभं राहण्याची पद्धत महत्त्वाची. पाय ठरावीक चौकटीत, गुडघा ठरावीक कोनात वाकलेला, किरण साधारण १० अंश खाली झुकलेले. पुढच्या भेटीत कोन हलला, तर नडगीच्या माथ्याच्या पुढच्या-मागच्या कडा एकमेकींपासून सुटतात आणि काहीही न झिजता फट बदललेली दिसते.

दुसरी फसगत मेनिस्कसची, म्हणजे दोन हाडांमधल्या गादीची. ही गादी बाहेर सरकली की कूर्चा शाबूत असूनही फट अरुंद होते. तिसरी मोजमापाची: फाइलमधलं ‘इमेजर पिक्सेल स्पेसिंग’ डिटेक्टरच्या पातळीवरचं असतं. गुडघा डिटेक्टरपासून जरा दूर असतो, त्यामुळे तो मोठा उमटतो. माहीत व्यासाची धातूची गोळी गुडघ्याच्याच पातळीला ठेवली, की गुणक काढता येतो.

एक्स-रेवरून झिजेची पायरी ठरवणारी केलग्रेन-लॉरेन्स श्रेणी (१९५७ची, ० ते ४) वापरणार असाल, तर १ आणि २ यांच्या सीमेवर तज्ज्ञांचंही एकमत होत नाही हे गृहीत धरा. मॉडेल तोच गोंधळ शिकतं. तरीही हजारो लोकांमध्ये ‘झीज आहे की नाही’ एवढंच विचारायचं असेल, तर एक्स-रेला तोड नाही.

एमआरआय

इथे कूर्चा प्रत्यक्ष दिसते. अमेरिकेतल्या ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्ह (ओएआय) या अभ्यासामध्ये ४,७९६ लोकांच्या गुडघ्यांचे ३ टेस्ला यंत्रावरचे स्कॅन आणि एक्स-रे आहेत, आणि संशोधकांना ते मिळतात. नवे स्कॅन काढण्याआधी तिथे सराव करून घ्यावा. त्यातल्या डीईएसएस या एमआरआय स्कॅनच्या प्रकारात १६० स्लाइस, प्रत्येकी ०.७ मिमी जाड; स्लाइसच्या प्रतलात पिक्सेल ०.३६५ मिमीचा. ३८४ × ३८४ पिक्सेलांची प्रतिमा धरली, तर एक स्कॅन सुमारे ४७ एमबी. हजार स्कॅन सहज एका डिस्कवर मावतात.

पण २ मिमी जाड कूर्चा म्हणजे जेमतेम साडेपाच पिक्सेल. सीमारेषा एका पिक्सेलने चुकली की जाडीत सुमारे १८ टक्के फरक पडतो. म्हणून नुसत्या डाइस गुणांवर (मॉडेलने आखलेला भाग खऱ्या भागाशी किती जुळतो, त्याचं माप) भाळू नका. ते चांगले आले म्हणजे जाडीही बरोबर आली असं होत नाही. जाडीतली चूक मिमीमध्ये वेगळी काढाच. हाताने सीमा आखायला एका गुडघ्याला काही तास लागतात. तयार आखलेले ५०७ स्कॅन ओएआय-झिब संचात आहेत, त्यावर एनएन-युनेट (प्रतिमेतले भाग आपोआप आखणारं मॉडेल) शिकवणं हा सरळ मार्ग. विभागणी मात्र माणसानुसार करा. एकाच माणसाचा डावा गुडघा शिकायला आणि उजवा परीक्षेला गेला, तर निकाल खोटाच चांगला दिसतो.

टी२ मॅपिंग आणि सीटी

कूर्चा पातळ होण्याआधी तिच्यातलं पाणी आणि कोलॅजनची रचना बिघडते. ते टी२, म्हणजे एमआरआयचा संकेत किती वेळात विरतो ते सांगणारा आकडा, दाखवतो. साधन मोहक, पण हळवं. स्कॅनआधी चालून आलेल्या गुडघ्याचे आकडे बदलतात, म्हणून सर्वांना सारखीच विश्रांती द्या, साधारण अर्धा तास. कोलॅजनचे तंतू यंत्राच्या चुंबकीय क्षेत्राशी ५५ अंशांच्या आसपास असले, की टी२ विनाकारण वाढतो. टी२ काढताना एकामागोमाग नोंदवलेल्या संकेतांपैकी (इको) पहिला सहसा गणितातून वगळतात. दोन वेगळ्या यंत्रांवरचे आकडे तर सरळ एकत्र करूच नयेत. यंत्र एकच आणि वेळापत्रक हातात असेल, तरच या वाटेला जावं.

सीटी हाडासाठी. साध्या सीटीत कूर्चा उठून दिसत नाही, त्यामुळे मुख्य प्रश्न कूर्चेचा असेल तर तो सोडून द्या.

ठरवण्यापूर्वीची चाचणी

दहा-पंधरा जणांचे दोनदा स्कॅन घ्या. मधे त्यांना टेबलावरून उतरवून पुन्हा झोपवा (एक्स-रे असेल तर चौकटीतून बाहेर काढून पुन्हा उभं करा). दोन मोजमापांतल्या फरकाचं प्रमाण विचलन काढून १.९६ ने गुणा. एका माणसातला याहून लहान बदल मोजमापाच्या गोंगाटातच हरवतो. हा आकडा अपेक्षित वार्षिक बदलापेक्षा मोठा निघाला, तर पाठपुरावा एकाऐवजी दोन वर्षांचा करा किंवा माणसं वाढवा. मॉडेल बदलून ती तूट भरत नाही.