आधी अंदाज, मग पुढचं पान: आमच्या वाचनालयाचा कादंबरी-वर्ग

आमच्या वाचनालयाचा हा रविवारचा वर्ग मला मनापासून आवडला. पात्र मोठ्या निर्णयाशी आलं की बाई वाचन थांबवतात. ते पुढे काय करील हे चिठ्ठीवर लिहायचं, शेजारी मजकुरातला आधारही द्यायचा. नुसतं ‘मला वाटतं’ चालत नाही.

या वेळी विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) होती. युरोपातून परतणाऱ्या चक्रधरची बोट मुंबईजवळ आलेली. बोटीवर भेटलेल्या, प्रेमात पडलेल्या हॅर्टाला तो सोबत उतरवून घेईल का? बहुतेकांनी ‘हो’ लिहिलं. मी ‘नाही’ लिहिलं, कारण आधीच्या प्रेमात उमाने दिलेली जखम तो बोटीवरही जपत असतो. नाझी जर्मनीतून परागंदा झालेल्या हॅर्टाला आधार हवाय, याला मात्र गुंतण्याचीच धास्ती. तो एकटाच उतरतो. पण त्यानंतर हॅर्टा काय करते, ते एकाही चिठ्ठीत नव्हतं! मग बाईंनी मागची पानं पुन्हा उघडायला लावली. तिच्या बोलण्यातल्या खुणा तेव्हा दिसल्या, आणि मला फार वाईट वाटलं.

वेळ मात्र अपुरा पडतो. चर्चा रंगात येते तोच कुलूप लावायची घाई सुरू होते. बसायला सतरंज्या आहेत, गुडघे दुखत असतील तर खुर्ची आधीच सांगून ठेवा.