फोल्डिंग रोल बार: द्राक्षबागेतल्या आठ महिन्यांनंतर

द्राक्षबागेतल्या छोट्या ट्रॅक्टरवर फोल्डिंग रोल बार, म्हणजे रॉप्स, आठ महिने वापरला. ट्रॅक्टर उलटला तर चालकाला चिरडण्यापासून वाचवणारी ही दुमडती लोखंडी कमान. बारबद्दल तक्रार नाही. गोची आहे ती बार उभा अडकवून ठेवणाऱ्या पिनांची आणि सवयीची.

आधी बारच्या मजबुतीच्या चाचणीचं. ट्रॅक्टरचं संदर्भ वजन, म्हणजे चाचणीसाठी धरलेलं वजन, 1500 किलो असेल, तर बाजूने दाबताना बारने त्या आकड्याच्या 1.75 पट, म्हणजे 2625 ज्यूल ऊर्जा झेलावी लागते. वरून चेपताना 20 पट, म्हणजे 30,000 न्यूटन. ढोबळमानाने 3 टन. बार वाकला तरी चालतो, फक्त चालकाच्या जागेत घुसता कामा नये. ऊर्जा वाकण्यातच जिरते. म्हणून 'मजबुतीसाठी' वरून पट्टी वेल्ड करून घेऊ नका. वाकायची जागा बदलते आणि झटका थेट एक्सलवरच्या बोल्टांवर येतो. छतासाठी बारला भोक पाडणंही तसंच. आणि नुसतं पत्र्याचं छत म्हणजे रोल बार नव्हे, हे विकणारा सांगत नाही.

हे सगळं बार उभा आणि लॉक असतानाच. मांडवाच्या तारांत अडकतो म्हणून तो पाडला जातो आणि मग बांधावर, ट्रॉली ओढतानाही पडलेलाच राहतो. नेमका धोका तिथे. बागेबाहेर आलं की आधी बार उभा करायचा, दोन्ही पिना घालायच्या, मग सीटचा पट्टा. बार पाडलेला असताना मात्र पट्टा लावू नका. उलटला तर ट्रॅक्टरखालून निसटायची उरलीसुरली संधीही जाते.

पिना सैल झाल्या की बार खडखडतो आणि भोकं लांबट होतात. क्लिप हरवली की लोक तार गुंडाळतात. तसं नको, दोन क्लिपा टूलबॉक्समध्ये जास्तीच्या ठेवा. बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या, फवारणीनंतर बारच्या बुडाचा भाग धुवाच. मोरचुदाने लोखंड झपाट्याने गंजतं. पट्ट्याचे धागे उन्हाने आणि औषधाने कडक होतात, कडा उसवली की पट्टा बदला. बोल्ट बदलताना डोक्यावरचा 8.8 किंवा 10.9 हा आकडा जुन्याशी जुळवा. बाजारातला साधा बोल्ट मापात बसतो, ताकदीत नाही.

एकदा उलटलेल्या ट्रॅक्टरचा बार सरळ करून वापरू नका. बदलाच.

बार असला तरी ओढायचा भार ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या खालच्या ओढदांडीलाच, अडकवा. टॉपलिंकच्या, म्हणजे अवजार जोडायच्या वरच्या दांडीच्या, जागी साखळी लावली की ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि सावरायला एक-दीड सेकंदही मिळत नाही.