अनंत हलवल्यानंतरचे आठ महिने: हिरवी जाळी, चार डबे-बाटल्या आणि पाण्याचा अंदाज

झाड जगलं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर सगळे तेवढंच शोधत खाली जातात. फेब्रुवारीच्या शेवटी कोथरूडहून तळेगावला हलवलेला आमचा अनंत आज ऑक्टोबरात नव्या पानांनी भरला आहे. एका बाजूने जरा लंगडा दिसतो, त्याची गोष्ट पुढे येईल. त्याला सावरायला मी 50 टक्के सावलीची हिरवी जाळी, समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक ॲसिड (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतला काळा अर्क), बी-1 जीवनसत्त्वाचं टॉनिक आणि चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधून ठेवलेलं लोह) असं सगळं आणलं होतं. त्यातलं काय उपयोगी पडलं आणि कशाचे पैसे पाण्यात गेले, ते लिहिते आहे. कंपन्यांची नावं देत नाही. मला जाणवलेला फरक कंपनीचा नव्हता, प्रकाराचा होता.

सोसायटी पुनर्विकासाला गेली. आंब्या-नारळाचं काय करायचं ते कमिटी बघत होती. अनंताची चौकशी कुणी केली नाही. सासूबाईंनी पंधराएक वर्षांपूर्वी लावलेलं झुडूप, पाच फूट उंच, जमिनीपासूनच चार फांद्या फुटलेलं. पावसाच्या तोंडावर हलवायला हवं हे मलाही कळत होतं, पण जागा रिकामी करायची तारीख 28 फेब्रुवारी होती. खरं तर महिना-दोन महिने आधी झाडाभोवती चर खणून बाजूची मुळं तोडून ठेवतात, म्हणजे हुंडीच्या, म्हणजे मुळांसकट उचलायच्या मातीच्या गोळ्याच्या, आतच नव्या पांढऱ्या मुळ्या फुटतात आणि झाड उचलताना त्या सोबत येतात. आमच्या हातात नऊ दिवस होते. तेवढ्यात चर खणून काही साधलं नसतं, म्हणून फक्त आदल्या दिवशी भरपूर पाणी दिलं. कोथरूडची काळी माती ओली असली की घट्ट धरते. पावणेदोन फूट रुंद, सव्वा फूट खोल अशी हुंडी निघाली. गोणपाटात गुंडाळून सुतळीने आवळली आणि चार माणसांनी 'छोटा हत्ती' टेम्पोत चढवली. वजन शंभर किलोच्या पुढे नक्की असेल.

इथेच लंगडेपणाची सुरुवात. माळीकाका म्हणाले, "ताई, वरचं निम्मं छाटून टाका. मुळं कमी झाली तर पानं पण कमी पाहिजेत." मी नको म्हटलं. नवी मुळं फुटायला जे अन्न लागतं ते पानंच तयार करतात, आणि मुळांना चालना देणारं संप्रेरकही शेंड्यांकडूनच खाली येतं. झाडाला नको असलेली पानं ते स्वतः गाळतं. काका गप्प बसले. पण टेम्पोचं फाळकं लागेना, तेव्हा त्या बाजूच्या दोन फांद्या त्यांनी हात-हातभर उडवल्या. मी रागावले खरी, पण नकळत प्रयोग झाला. छाटलेल्या बाजूला एप्रिलमध्ये पालवी लवकर येईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. दोन्ही बाजू एकदमच फुटल्या आणि छाटलेली बाजू अजून मागे आहे. एका झाडावरून नियम काढत नाही, पण पुढच्या वेळी वाळलेलं आणि मोडलेलं सोडून काही कापणार नाही.

आता जाळी. दुकानदार 90 टक्क्यांची गळ्यात मारत होता. "जास्त सावली, जास्त गारवा, मॅडम." दुखणाईत माणसाला अंधाऱ्या खोलीत ठेवावं तसला हा विचार. अनंताला उजेड लागतो, नाहीतर मुळांसाठी अन्न बनायचं कुठून? मी 50 टक्क्यांचा तीन मीटर बाय पाच मीटर तुकडा घेतला, साधारण पाचशे रुपयांना. मात्र पहिल्यांदा बांधली ती पार चुकीची. शाल पांघरावी तशी पानांवरूनच टाकली आणि चारी बाजूंनी जमिनीपर्यंत ओढून विटा ठेवल्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात दुपारी आत हात घातला तर बाहेरपेक्षा आतच जास्त उकडत होतं. दहा दिवसांत फांद्यांच्या बेचक्यांत पांढरा कापूस दिसायला लागला: पिठ्या ढेकूण. हवा खेळत नसलेल्या कोपऱ्यात तो येणारच. कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी फवारून, टूथब्रशने घासून काढला. मग चार बांबू रोवले, जाळी शेंड्यांपासून फूटभर वर ताणली आणि फक्त पश्चिमेची बाजू खालपर्यंत सोडली. सकाळचं कोवळं ऊन मोकळं, दुपारनंतरचं गाळून येणारं. दुपारी मान टाकलेली पानं संध्याकाळी पुन्हा ताठ होऊ लागली ती यानंतर. सगळ्या खरेदीत झाडाने इतक्या उघडपणे प्रतिसाद दिलेली वस्तू हीच.

जाळीची एक तक्रार आहे. तळेगावचं वारं कोथरूडसारखं नाही. मेमध्ये वळीव आला त्या संध्याकाळी दोन बांबू उखडले आणि जाळी शेजाऱ्यांच्या शेवग्यावर जाऊन बसली. कडेला शिवण नसेल तर नुसत्या भोकांतून बांधलेली सुतळी जाळी फाडते. कड दुमडून, दोन पदरांतून सुतळी ओवून बांधावी. नाहीतर जास्तीचे पैसे देऊन कडेला छिद्रं आणि कड्या असलेली घ्यावी. मी घेतली नव्हती.

पाण्याची बाब मी सर्वांत जास्त चुकवली. लावल्यानंतर पहिले पंधरा दिवस रोज सकाळी आळ्यात एक बादली ओतायचे. आळं हुंडीच्या बाहेरून गोल केलं होतं, पुस्तकात दाखवतात तसं. पानं मात्र गळतच होती. आधी आतली पिवळी, मग बाहेरचीही. मार्च संपेपर्यंत निम्म्याहून जास्त गेली. घरात प्रत्येकाचं मत वेगळं. नवरा म्हणे पाणी जास्त होतंय, जाऊबाई म्हणत दृष्ट लागली. शेवटी एक लोखंडी सळई बुंध्याजवळ खुपसून पाहिली. आळ्यातली माती चिखल होती आणि सळई हुंडीत चार इंचांवर अडली. आत ठणठणीत कोरडं! प्रकार असा झाला होता की काळ्या मातीची हुंडी सुकताना आक्रसली, भोवतीच्या मुरमाड मातीपासून सुटली, आणि मी ओतलेलं सगळं पाणी त्या फटीतून सरळ खाली मुरमात जात होतं. झाड पाण्यात उभं राहून तहानलेलं.

मग फट बारीक मातीने भरली. बादली बंद केली आणि तळाला सुईचं भोक पाडलेले पाच लिटरचे दोन कॅन थेट हुंडीवर, बुंध्यापासून वीतभर अंतरावर ठेवले. तीन-चार तास थेंब-थेंब पाणी मुरत राही. त्यानंतर रोज पाणी द्यायचंच हा हट्ट सोडला. बांबूची काडी हुंडीत रोवून ठेवायची, सकाळी उपसून बघायची: टोकाला माती चिकटून आली तर आज पाणी नाही, काडी स्वच्छ आली तर कॅन भरायचे. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तो बागेतल्या झाडालाही हवाच असतो. ओल आणि हवा दोन्ही असतील तरच पांढरी मुळी चालते. एप्रिलच्या उन्हातही दर दोन-तीन दिवसांनी पाणी पुरत होतं, कारण वरून तीन बोटं जाडीचं पालापाचोळ्याचं आच्छादन होतं. ते बुंध्याला चिकटू दिलं नाही, चार बोटं लांब ठेवलं. याला खर्च शून्य. कॅन तेलाचे रिकामे, पाचोळा शेजारच्या बदामाचा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाड जवळजवळ उघडं होतं. काका येऊन बघून गेले आणि म्हणाले, "काढून टाका ताई, दुसरं लावू." मी फांदीवर नख लावून पाहिलं. सालीखाली हिरवं होतं, शेंड्याकडे तपकिरी, पण मधल्या भागात हिरवं आणि ओलसर. नख लावून हिरवं दिसतंय तोवर कुदळ हातात घेऊ नये. 19 एप्रिलला पहिली हिरवी टोकं दिसली, तीही जुन्या जाड फांद्यांवर. मी ती मोजून वहीत लिहिलं: अकरा.

आता चार डबे-बाटल्या. बी-1चं टॉनिक 280 रुपयांचं. मी ते तीन वेळा दिलं आणि मग त्याचा इतिहास वाचला. हा क्रम उलटा असायला हवा होता. 1930च्या दशकात अमेरिकेत जेम्स बॉनर यांनी वाटाण्याची तोडलेली मुळं प्रयोगशाळेत काचपात्रात वाढवली आणि बी-1 घातल्यावर ती वाढत राहिली. तिथून हे सगळं सुरू झालं. पण अख्ख्या झाडाची पानं हे जीवनसत्त्व स्वतःच बनवतात. बाहेरून ओतायची गरज नसते. माझे तीन डोस बहुधा मुरमातल्या जिवाणूंनी खाल्ले असावेत.

ह्युमिक ॲसिडने पाणी काळं होतं आणि काहीतरी भारी दिल्यासारखं वाटतं. मला फरक दिसला नाही. मेमध्ये बाटली हातातून पडून फुटली आणि पुन्हा आणली नाही. शेवाळाच्या अर्काबद्दल मात्र ठाम वाईट बोलणार नाही. महिन्यातून एकदा दोन मिली लिटरभर पाण्यात, पानं फुटल्यावर फवारला. फुटवे जोमदार आले, पण त्याच सुमारास पाण्याची चूक दुरुस्त झाली होती, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं हे सांगता येत नाही. त्याच टेम्पोतून आलेल्या दोन जास्वंदींना यातलं काहीच दिलं नव्हतं आणि त्या महिन्याभरात उभ्या राहिल्या. अर्थात जास्वंद पडेल तिथे जगते, तिच्यावरून अनंताचा निष्कर्ष काढायचा नसतो.

चिलेटेड लोहाचं वेगळं आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात नवी पानं पिवळी यायला लागली, शिरा हिरव्या आणि मधलं सगळं फिकट. उसावर केवडा पडतो तसं. अनंत हा कॉफीच्या कुळातला. त्याला आंबट माती आवडते, आणि मी बोअरचं क्षारांचं पाणी देत होते, त्याने मातीचा आंबटपणा जातो. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, त्यात मुळं आधीच तोकडी. दुकानात दोन प्रकार मिळतात, लोहाला धरून ठेवणाऱ्या रसायनाच्या नावाने ओळखले जाणारे. ईडीटीएवालं स्वस्त, पण क्षारपड किंवा चुनखडीच्या मातीत ते टिकत नाही. ईडीडीएचएवालं महाग आणि टिकाऊ. मी दुसरं घेतलं, पाच ग्रॅम पाच लिटरमध्ये विरघळवून कॅनमधूनच सोडलं. पाणी द्राक्षाच्या रसासारखं लालभडक होतं, अंगणातली फरशी रंगते, सांभाळा. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधी, नवी पानं हिरवी निघाली. आधीची पिवळी फारशी सुधारली नाहीत. डब्या-बाटल्यांपैकी पुन्हा विकत घेईन अशी ही एकच वस्तू. ज्यांच्या झाडावर केवडा नाही त्यांनी मात्र नुसतं 'असू दे' म्हणून देऊ नये.

खत मी चार महिने दिलं नाही. शेजारचे काका, भले गृहस्थ, मूठभर युरिया कागदात बांधून घेऊन आले होते. घेतला आणि तुळशीमागे ठेवला. तोकड्या मुळांवर खताचे क्षार म्हणजे जखमेवर मीठच. जुलैत, फुटवे वीतभर झाल्यावर, दोन घमेली कुजलेलं शेणखत वरून पसरलं, तेवढंच.

कळ्यांवरून घरात वाद झाला. मेच्या शेवटी पाच कळ्या आल्या. त्या खुडायला मन होत नव्हतं, सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "खुड गं, बाळंतिणीला कामाला लावतात का?" खुडल्या. ऑगस्टच्या मध्याला पुन्हा सात आल्या, त्या ठेवल्या. चार उमलल्या, तीन पावसात गळाल्या.

जाळी 12 जूनला काढली. एकदम काढली नाही. आधीचा आठवडाभर सकाळी उघडी, दुपारी बंद असं केलं आणि सलग ढगाळ दिवस लागले तेव्हा उतरवली. बांबू तसेच ठेवले आहेत. पुढच्या मार्चला पश्चिमेची बाजू पुन्हा बांधणार, कारण हलवलेल्या झुडपाला पहिला उन्हाळा काढला की सगळं झालं असं नसतं. सप्टेंबरच्या अखेरीस हुंडीच्या कडेला खुरप्याने हळूच माती बाजूला करून पाहिली तेव्हा पांढऱ्या मुळ्या मुरमात जेमतेम वीतभर गेलेल्या दिसल्या.

एकूण खर्च वाहतूक सोडून सतराशेच्या आसपास. त्यातले जाळीचे आणि लोहाचे मिळून साडेनऊशे मला खटकत नाहीत. बाकीच्या पैशांत एक चांगला लांब स्क्रू-ड्रायव्हर आला असता, हुंडीत खुपसायला. जाळीचा उरलेला तुकडा भाऊ गाडीवर घालायला मागतो आहे. दिलेला नाही.